आरोग्य सांगण्याची नोकरी

दरवर्षी मे-जूनमध्ये वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्या निघतात. त्यांत अलीकडे ‘हेल्थ कम्युनिकेशन’ या विषयालाही जागा मिळू लागली आहे. मराठीत कुणी त्याला आरोग्यसंवाद म्हणते, कुणी आरोग्य-संज्ञापन. पत्रकारिता, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य आणि जाहिरात या चार घरांच्या सामाईक अंगणात वाढलेला हा विषय. तो शिकल्यावर पुढे काय करता येते याची यादीही दिलेली असते: सरकारी कार्यक्रमांचे प्रचारसाहित्य, रुग्णालयातील समुपदेशन, स्वयंसेवी संस्थांच्या मोहिमा, औषधकंपन्यांसाठी वैद्यकीय लेखन, वृत्तवाहिन्यांचा आरोग्यविभाग, आणि करोनानंतर समाजमाध्यमांवरच्या अफवा तपासण्याचे काम. यादी खरी आहे. पण ती वाचून असा समज होतो की हा विषय कालपरवा परदेशातून आला आणि आता आपली मुले तो शिकून घेत आहेत.

लोकांना त्यांच्याच शरीराविषयी काही सांगायचे तर त्यासाठी वेगळी माणसे लागतात, हे आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना कळले ते सव्वाशे वर्षांपूर्वी, मुंबई-पुण्यात हात पोळून घेतल्यावर. पुढे ही माणसे पगारावर नेमली गेली, त्यांचे हुद्दे ठरले, त्यांच्यासाठी अभ्यासक्रम निघाले. मग ते हुद्दे बदनाम झाले आणि नव्या नावांनी परत आले. या माणसाने कुणाच्या वतीने बोलायचे, कचेरीच्या की समोर बसलेल्या बाईच्या, हा प्रश्न मात्र दर वेळी तसाच राहिला. या लेखात त्या प्रश्नाचाच माग काढायचा आहे.

*

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी ती लस येथवर पोचली होती. पुढे या टोचण्याला मराठीने जे नाव दिले ते मला फार अर्थपूर्ण वाटते: देवी काढणे. रोग ही देवी, त्यावरचा उपायही देवीच्याच नावाने, आणि सुई घेऊन गावात येणारा तो देवीडॉक्टर. हे शब्द कुठल्या कचेरीत ठरलेले नव्हते. एका परक्या कृतीला लोकांनी आपल्या समजुतीच्या शेजारी जागा करून दिली होती. विरोध झाला नाही असे नाही. एकाच्या दंडातली लस दुसऱ्याच्या दंडात घालायची म्हणजे जातीचा प्रश्न येत होता, आणि ज्या मुलाच्या दंडावरून लस घ्यायची त्याला होणारा त्रास आईबापांना नको असे. तरीही भाषेने एक वाट काढून ठेवली होती. आज आरोग्यसंवादाच्या वर्गात ‘सांस्कृतिक अनुकूलन’ या जड नावाने जे शिकवतात, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

देवीची साथ हळूहळू, शंभर-दीडशे वर्षांत हाताळली गेली. प्लेगने तेवढी सवड दिली नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. ॲकॅशियो गेब्रियल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबर संपता संपता आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले. शहरात बोलवा होती की रुग्णालयात नेलेल्या माणसाला डॉक्टर मारून टाकतात आणि त्याच्या देहातून ‘मोमिआई’ नावाचे औषध काढतात. आज हे वाचताना हसू येते. पण जरा त्या काळच्या चाळीत जाऊन पाहावे. घरातला माणूस ताप आला म्हणून उचलून नेला जातो. तो बहुधा परत येत नाही. आत त्याचे काय करतात हे कोणी सांगत नाही, आणि सांगण्याची जबाबदारी कुणावर सोपवलेलीही नाही. अशा वेळी लोकांनी आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींवरून तर्क केला. त्याला आपण अफवा म्हणतो.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला काय काय करता येईल हे सांगतो. लोकांशी बोलण्याचा विषय त्यात जाहीर सूचनेच्या पलीकडे जात नाही. या कायद्याच्या बळावर पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने जे केले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती, बायकांची चारचौघांत तपासणी, सामानाची होळी, सक्तीने छावणीत रवानगी. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. शाळेच्या पुस्तकात ही क्रांतिकारकांची गोष्ट म्हणून येते आणि ती तशी आहेच. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तिला आणखी एक स्थान आहे. आजार आवरण्यासाठी केवळ जबरदस्ती पुरत नाही, किंबहुना जबरदस्तीमुळे लोक रोगी लपवू लागतात, ही गोष्ट सरकारने येथपासून मान्य करायला सुरुवात केली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाल्यावर तर धोरणच बदलले. जातवार रुग्णालयांना परवानगी मिळाली, वैद्य-हकिमांना मुभा मिळाली, आणि मोहल्ल्यातली वजनदार माणसे मध्यस्थ म्हणून घेतली जाऊ लागली. समजावणाऱ्या माणसाला सरकारी व्यवस्थेत प्रथमच जागा झाली, ती अशी मागच्या दाराने.

त्याच पुण्याच्या हद्दीवर, हडपसरजवळ, सावित्रीबाई फुले दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. त्यात त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोकमान्य टिळकांनी शहर न सोडता हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. लोक रुग्णालयाला भीत होते असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. कुणाच्या रुग्णालयाला भीत होते, हे विचारावे लागते.

मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिसरे आगाखान तेव्हा विशीतही नव्हते. त्यांनी आपल्या इस्मायली अनुयायांसमोर ती लस जाहीरपणे टोचून घेतली. शब्दापेक्षा उघडा दंड अधिक बोलतो हे त्यांना नेमके कळले होते. आज चित्रपटातले नट लस घेतानाचे छायाचित्र छापून आणतात ती याच घराण्यातली युक्ती. पण तिला मर्यादा आहे आणि तीही हाफकिन यांच्याच वाट्याला आली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी ही लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. गफलत कुपी उघडताना जागेवर झाली होती, पण ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि दोषमुक्त व्हायला त्यांना १९०७ पर्यंत थांबावे लागले. कुपीत दोष असेल तर सांगणाऱ्याच्या वाणीने काही भागत नाही. प्रचाराच्या धंद्यातल्या लोकांना हे अधूनमधून आठवण करून द्यावे लागते.

*

मध्यस्थ म्हणून घेतलेली ही माणसे अजून पगारी नव्हती, आणि त्यांचे काम सरकारचे म्हणणे खाली पोचवण्याचे होते. उलट्या दिशेने, म्हणजे लोकांचे प्रश्न ऐकून त्यांना उत्तर देण्याचे काम मराठीत एका गणिताच्या प्राध्यापकाने केले.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि ते मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, जवळजवळ एकहाती चालवले. या मासिकातील कर्व्यांचे लेख, त्यांचा बुद्धिवाद, त्यांचे खटले यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यातले प्रश्नोत्तरांचे सदर. वाचक आपल्या शरीराविषयी, शय्येविषयी, आजाराविषयी जे घरात किंवा डॉक्टरपुढे बोलू शकत नव्हते ते पत्रात लिहीत आणि कर्वे त्याला सरळ, कोरडे, नेमके उत्तर देत. उपदेश नाही, भीती घालणे नाही. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात हीच उत्तरे आरोपाचा विषय झाली. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हा गुन्हा असू शकत नाही, ही त्या बचावामागची भूमिका मला आरोग्यसंवादाच्या नीतिशास्त्राचा पहिला धडा वाटते. तो वर्गात कुठे शिकवला जात असेल तर आनंद आहे.

कर्व्यांना या कामाचा पगार कोणी दिला नाही. उलट असलेला गेला. स्वतंत्र भारताने हेच काम हातात घेतले तेव्हा मात्र त्याची हुद्देवारी तयार झाली.

*

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला, त्यात आरोग्यशिक्षणाला जागा होती. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. अशी माणसे तयार करण्याचे काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केले. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून डॉक्टरचे म्हणणे त्याला आणि त्याचे म्हणणे डॉक्टरला समजावणारा हा माणूस. आजच्या समुपदेशकाचे पद त्याच्याच वंशातले. १९५६ मध्ये दिल्लीत केंद्रीय आरोग्य शिक्षण ब्युरो स्थापन झाला. कोलकात्याची स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था, तमिळनाडूतील गांधीग्राम, मुंबईचे कुटुंब कल्याण प्रशिक्षण व संशोधन केंद्र अशा ठिकाणी आरोग्यशिक्षणाचे पदविका अभ्यासक्रम चालू झाले. करिअर पुरवण्यांत यांची नावे क्वचितच येतात, पण आपल्याकडे हा विषय संस्थांमधून शिकवला जाऊ लागला तो येथे. आणि शिकून बाहेर पडलेल्याला सरकारी खात्यात जागा होती.

ती जागा वाढली कुटुंबनियोजनामुळे. १९५२ मध्ये भारताने हा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर हाती घेतला, तसे करणारा तो जगातला पहिला देश. पहिली दहा वर्षे दवाखाने उघडून लोकांची वाट पाहण्यात गेली. लोक आले नाहीत. १९६३ मध्ये ‘विस्तार’ पद्धत आली. हा शब्द शेतीखात्यातून उचललेला होता. सुधारित बियाणे घेऊन जसा विस्तार अधिकारी शेतकऱ्याच्या बांधावर जातो तसे आरोग्यखात्याच्या माणसाने दारात जायचे. गटपातळीवर विस्तार शिक्षकाचे पद निघाले. महाराष्ट्रात ‘जिल्हा विस्तार व माध्यम अधिकारी’ असा हुद्दा आहे. त्यातला ‘विस्तार’ कशाचा, असे कोडे ज्यांना पडत असेल त्यांच्यासाठी ही व्युत्पत्ती.

माध्यमाची बाजू सांभाळली दीप त्यागी नावाच्या अधिकाऱ्याने. फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर यांच्या साथीने त्याने ठरवले की लोकसंख्यावाढीचे अर्थशास्त्र सांगत बसायचे नाही. एक खूण, चार चेहरे आणि एक वाक्य एवढेच भिंतीवर लिहायचे. उलटा लाल त्रिकोण ही ती खूण. ती न वाचता कळत होती, आणि देशात अर्ध्याहून अधिक माणसांना वाचता येत नव्हते. त्यागी १९६९ मध्ये अकाली गेला. पुढे वीस वर्षांनी अमेरिकेत निघालेल्या, जगभर निरोध साधने विकणाऱ्या ‘डीकेटी’ या संस्थेचे नाव त्याच्याच आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते. १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला, पंधरा पैशांना तीन, आणि तो दुकानादुकानांत पोचवला चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांनी. ही कल्पना कोलकात्याच्या व्यवस्थापन संस्थेतल्या अभ्यासगटाची. आधी सुचवलेले नाव ‘कामराज’ होते. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष के. कामराज होते, तेव्हा ते मागे घ्यावे लागले.

येथपर्यंतची गोष्ट कौतुकाची आहे आणि अभ्यासक्रमांतही ती कौतुकाने सांगितली जाते. तिला लागून असलेली लूपची गोष्ट कमी सांगितली जाते. १९६५ मध्ये लूप आला. कानपूरला तो बनू लागला आणि पहिल्या दोन वर्षांत लाखो स्त्रियांना बसवला गेला. काही जणींना त्यामुळे अधिक रक्तस्राव होतो, कंबर दुखते, कधी तो आपोआप पडतो, हे माहीत होते. बायकांना ते सांगितले गेले नाही. सांगणाऱ्यांना सांगण्याचे प्रशिक्षण नव्हते असे नाही. पण त्यांचे यश बसवलेल्या लूपच्या संख्येवर मोजले जात होते आणि बाई घेऊन येणाऱ्या ‘प्रेरका’ला दरमाणशी पैसे मिळत होते. त्रास सांगितला तर बाई आली नसती. ती आली, तिला त्रास झाला, तिने दुसरीला सांगितले; लूप पोटातून वर चढतो, नवऱ्याला इजा करतो अशा वार्ता पसरल्या आणि संख्या घसरली. मोमिआईची अफवा आणि ही अफवा यांत सत्तर वर्षांचे अंतर आहे, पण घडण एकच. सांगायचे ते सांगितले नाही की न सांगायचे ते लोक स्वतः रचतात. फरक एवढाच की १८९६ साली सांगणारा नव्हता, आणि १९६६ साली तो पगार घेऊन हजर होता.

‘केस’ हा शब्द याच काळात खेड्यापाड्यांत रुजला. मास्तरांनी केस आणायची, ग्रामसेवकाने केस आणायची. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली गेली. १९७१ मध्ये एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात साठ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणीत याची परिसीमा झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रियांची नोंद आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. या काळात विस्तार शिक्षकाला बोलण्याचे कामच उरले नव्हते. वेतनवाढ, बदली, कर्ज, रेशनकार्ड हीच संवादाची साधने झाली. १९७७ च्या निवडणुकीनंतर कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबनियोजन’ बदलून ‘कुटुंबकल्याण’ केले गेले. नाव बदलता आले. पुढच्या पिढीला आरोग्यसेवकाची गाडी गावात शिरली की पुरुष शेतात पळत, या आठवणी घरातून मिळत गेल्या.

*

नेमक्या याच वर्षांत अमेरिकेतील विद्यापीठांत हा विषय स्वतंत्र शाखा म्हणून आकाराला येत होता. एव्हरेट रॉजर्स यांचे ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ १९६२ मध्ये आले. नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा हा सिद्धांत आयोवातल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासातून निघालेला. म्हणजे आपल्या ‘विस्तारा’चे आणि या सिद्धांताचे गोत्र एकच. आधी थोडे धाडसी लोक, मग गावातले मान्यवर, मग बहुसंख्य, शेवटी मागे राहिलेले. या ‘मागे राहिलेल्यां’ना तो काही काळ आळशी ठरवतो, त्यांच्याजवळ नकाराची काही कारणे असतील याचा विचार कमी करतो, पुढे रॉजर्स यांनी स्वतःच या टीकेची दखल घेतली. १९७२ मध्ये स्टॅनफर्डला हृदयविकार टाळण्यासाठी माध्यमांचा वापर करून तीन गावांचा तुलनात्मक अभ्यास सुरू झाला. १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय संज्ञापन संघटनेत ‘हेल्थ कम्युनिकेशन’ हा वेगळा विभाग झाला. याच नावाचे नियतकालिक १९८९ मध्ये निघाले. अभ्यासक्रमाचा इतिहास शिकवताना बहुधा ही वंशावळ दिली जाते आणि ती अचूक आहे. पण भारत त्यात पाहुणा म्हणून येतो, ‘हम लोग’ या मालिकेच्या निमित्ताने.

मेक्सिकोतील मिगेल सबिडो यांच्या मालिकांवरून कल्पना घेऊन १९८४ मध्ये दूरदर्शनने ही मालिका सुरू केली. हेतू कुटुंबनियोजनाचा संदेश देण्याचा. पहिल्या तेरा भागांत उपदेश इतका झाला की प्रेक्षक कंटाळले. मग लेखक मनोहर श्याम जोशी यांनी संदेश मागे सारून माणसे पुढे आणली आणि देश त्या कुटुंबात रमला. १५६ भागांच्या काळात सुमारे चार लाख पत्रे आली. रॉजर्स आणि अरविंद सिंघल यांनी या पत्रांचा अभ्यास केला, आणि ‘मनोरंजनातून शिक्षण’ ही उपशाखा उभी राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे. कर्व्यांच्या टेबलावर येणारी पत्रे आणि ही पत्रे शेजारी ठेवून कुणीतरी एक प्रबंध लिहायला हवा. एकीकडे विचारणाऱ्याला उत्तर मिळत होते. दुसरीकडे त्याच्या पत्राचा विदा होत होता.

महाराष्ट्रात या काळात दुसरेच काही चालले होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत आणि आपल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. डॉक्टरांनाही त्यातून शिकावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ज्या मोजक्या प्रयोगांची दखल घेतली त्यात जामखेड होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात आणि दाईला साठपर्यंत मोजता येत नाही, ही अडचण होती. तेव्हा वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे यंत्र केले गेले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. ज्ञान सोपे करणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला.

सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ने एचआयव्हीसाठी काम सुरू केले ते वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच शिक्षक मानून, १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कंडोम कुणी, कुणाला, कोणत्या शब्दांत द्यायचा हे त्यांनी ठरवले. या तिन्ही ठिकाणी सांगणारी बाई कचेरीची नव्हती. तिला उद्या त्याच गल्लीत राहायचे होते, म्हणून खोटे बोलून चालणार नव्हते.

*

सरकारी यंत्रणेला हे उशिरा पटले, आणि तेही पोलिओने पटवले. २००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले. पश्चिम भागातल्या गरीब मुस्लिम वस्त्यांत डोसाने मुले वांझ होतात अशी अफवा होती. आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण तिच्या मुळाशी होती असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. अमिताभ बच्चन यांचे दूरदर्शनवरचे आवाहन सर्वांना आठवते. त्यामागे युनिसेफ आणि सहकारी संस्थांनी उभे केलेले, वस्तीतल्याच हजारो बायकांचे जाळे होते, ते कमी आठवते. या बायकांनी दारादारांत ऐकून वर कळवले की लोक विचारतात, तापाला औषध नाही, गटार साफ होत नाही, मग या दोन थेंबांसाठी एवढी धावपळ का? या प्रश्नाला वरून उत्तर द्यावे लागले: आरोग्य शिबिरे, इतर लसी, जलसंजीवनी, साबण. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही.

आता पुन्हा त्या पुरवणीकडे. आज टाटा संस्थेत सार्वजनिक आरोग्य शिकता येते, पुणे विद्यापीठात आरोग्यविज्ञानाचा विभाग आहे, दिल्लीच्या जामिया मिलियात विकास संज्ञापनाची पदव्युत्तर पदवी मिळते. ‘प्रचार’, मग ‘शिक्षण’, मग ‘माहिती-शिक्षण-संवाद’, आता ‘वर्तनबदल संवाद’ अशी विषयाची नावे बदलत आली. या शेवटच्या नावावर माझा आक्षेप आहे. वर्तन कुणाचे बदलायचे हे त्यात आधीच ठरलेले असते. मुल्कोवालात आणि लूपच्या वेळी बदलायला हवे होते ते गावकऱ्यांचे वर्तन नव्हते. हा विषय शिकलेल्या मुलाला कचेरीत हे तोंडावर सांगता यायला हवे, आणि त्यासाठी त्याची नोकरी टिकाऊ हवी. तिथेच घोडे अडते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी जागा अकरा महिन्यांच्या असतात. दर अकराव्या महिन्याला फेरनेमणुकीची वाट पाहणारा सल्लागार वरिष्ठांना अप्रिय वार्ता किती कळवील, याचा अंदाज करायला सिद्धांत लागत नाही.

आणि जिच्या जोरावर हे सारे चालते ती आशा. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात जामखेड आणि गडचिरोलीचा धडा घेऊन हे पद निर्माण झाले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी १८९७ चा तोच चार कलमांचा कायदा लागू केला. दूरध्वनी लावला की खोकल्याचा आवाज आणि सूचना ऐकू येऊ लागल्या. दाराशी मात्र सोजीर न येता गावातलीच ओळखीची बाई आली, तोंडाला रुमाल बांधून, हातात वही घेऊन. काही ठिकाणी तिच्यावर लोक धावूनही गेले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशा मानधनासाठी संपावर गेल्या. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा ‘स्वयंसेविका’ असा आहे, त्यामुळे त्यांना पगार नसतो. मानधन असते, आणि कामागणिक मोबदला असतो. त्या मोबदल्याच्या यादीत नसबंदीसाठी आणलेल्या केसचाही दर आहे.